मागच्या दाराची कडी

सात उन्हाळे झाले. हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, लेकीला नाही, पाठच्या बहिणीला नाही. अमरावतीच्या एका डॉक्टरांनी विचारलं होतं — झोप उडण्यामागे काही कारण, मनात काही साठलंय का? — तेव्हा त्यांनाही ‘चहा जास्त होतो’ एवढंच सांगून उठले. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. म्हणून तुमच्यापाशी बसले आहे. आणि तरी बघा — या चार ओळी लिहिता लिहिता दोनदा उठून पाणी पिऊन आले.

झोपेपासून सुरुवात करते. ते त्यातल्या त्यात सोपं आहे.

मला झोप येत नाही. ही आजची गोष्ट नाही, तिशीपासूनची आहे. लेक तान्ही असताना रात्रभर जागवायची. पुढे ती झोपायला शिकली आणि मी विसरले. आमच्या घरात याची काळजी कुणी फारशी केली नाही, थट्टा मात्र पोटभर केली. नवरा मला वॉचमन म्हणायचा. कुणाला पहाटेच्या गाडीनं जायचं असलं की घरात गजर लावत नसत, मला सांगून ठेवत. लग्नघरी दागिन्यांची बॅग माझ्या उशाशी. ‘वैनीजवळ ठेवा, त्या कुठी झोपतात?’ आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा थोडा तोराही आला होता. स्वयंपाकात मी बेताची, शिवणटिपण तर विचारूच नका — पण जागं राहण्यात माझा हात कुणी धरणार नाही, असं मला वाटायचं. त्या तोऱ्याचं पुढे काय झालं तेच तर सांगायचं आहे.

उपाय सगळे करून झाले. जायफळ उगाळून दुधात घेतलं — त्यानं डोकं जड होतं, झोप येत नाही. खसखशीच्या खिरीनं वजन वाढलं. तळपायाला काशाच्या वाटीनं तेल चोळलं, तर चादरी तेलकट झाल्या आणि धुवायला मीच. शंभरापासून उलटे आकडे मोजायला कुणीतरी सांगितलं; पण मी शाळेत गणित शिकवणारी बाई, मध्ये एखादा आकडा सुटला असं वाटलं की पुन्हा शंभरापासून. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवला तर तो वाजला का हे ऐकत बसायची. एवढं सगळं करून काही लागू पडलं नाही, पण नातेवाइकांत मी झोपेची वैद्य ठरले. कुणाची झोप उडाली की फोन मला येतो. आहे की नाही गंमत?

एकच उपाय लागू पडायचा. तो माझ्या सासऱ्यांनी दिला होता.

आमच्याकडे सून सासऱ्यांना मामाजी म्हणते. मामाजी एस.टी.त कंडक्टर होते, अकोला-तेल्हारा गाडीवर. मूळ गावही तेल्हाऱ्याकडचंच. घर अकोल्याला, जुन्या लेआऊटमधलं, पुढे फाटक आणि मागे मोरी. सासूबाई माझ्या लग्नानंतर वर्षभरातच गेल्या. मामाजी ड्युटीवरून उशिरा यायचे तेव्हा घरात जागी मी एकटीच, मग मी चहा टाकायची. एकदा म्हणाले, “तुले झोप येत नसन तं माह्या गाडीत बस. डोळे मीट. गांधीग्राम आलं, दोघं उतरले. चोहट्टा आलं. मंग अकोट — इथं गाडी दहा मिंटं थांबते, पाणी पिऊन घे. अडगाव. हिवरखेड. तेल्हाऱ्यापर्यंत झोप नाही लागली तं त्याच गाडीनं वापस ये.” मी हसले होते. पण खरंच लागायची — कधी अकोटला, कधी अडगावच्या पुढे. कितीतरी वर्षं मी त्या माणसाच्या गाडीत झोपले आहे.

तर अशा माणसाचं हे आहे.

निवृत्तीनंतर दहा-बारा वर्षांनी मामाजींचं डोकं हळूहळू रिकामं होत गेलं. आधी नावं गेली, मग सासूबाई वारल्याचं गेलं, मग मी कोण तेही कधीकधी जायचं. राहिली फक्त अडीचची तेल्हारा. रोज दुपारी दोन वाजले की ते उठायचे, शर्ट घालायचे, नसलेली बॅग शोधायचे. “गाडी लागली का?” एकदा तर चौकापर्यंत जाऊन उभे राहिले होते. तेव्हा गजूनं घराला दोन कड्या बसवल्या. समोरच्या दाराला बाहेरून एक — जो बाहेर जाईल त्यानं लावून जायची. आणि मागच्या दाराला आतून एक, पार वर, चौकटीला टेकून. मामाजींचा हात खांद्याच्या वर जात नसे, म्हणून वर. माझाही जात नसे, मी बुटकी. मला स्टूल लागायचं.

गजू म्हणजे माझा दीर. नवऱ्याहून नऊ वर्षांनी धाकटा. मी घरात आले तेव्हा दहावीत होता. त्याचं मोटार रिवाइंडिंगचं आणि कुलर दुरुस्तीचं दुकान. माझ्या अगदी उलटा — पाठ टेकली की गेला. एका वरातीत तो बँडच्या टेम्पोत झोपला होता, मागे भोंगे वाजत असताना. “तुमची सगळी झोप मायाजवळ आली वैनी,” म्हणायचा, “पाहिजे तं घेऊन जा अर्धी.” हे त्याचं वाक्य मला अलीकडे फार आठवतं.

तो मे महिना होता. माझ्या शाळेला सुट्टी. नवरा रोज अमरावतीला अप-डाऊन करायचा, रात्री आठला घरी. गजूची बायको मुलं घेऊन माहेरी गेलेली. म्हणून दुपारची पाळी माझी — दीड ते सहा मामाजींवर लक्ष. कुणी विचारलंही नाही मला झेपेल का. वॉचमनला कोण विचारतं? आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

अकोल्याची मे महिन्यातली दुपार तुम्हाला माहीत असेल तर ठीक, नसेल तर एवढंच सांगते की एक ते पाच या वेळात गल्लीत कुत्रं दिसत नाही. सगळा जीव कुलरच्या समोर. आमचा कुलर मागच्या खिडकीला, बाहेर लोखंडी स्टँडवर. वाळ्याच्या ताट्या गजूनंच त्या वर्षी नव्या भरल्या होत्या. तो दुपारी जेवायला यायचा, मागे जाऊन पाईपनं कुलर काठोकाठ भरायचा, मग समोरून निघताना बाहेरची कडी लावून जायचा.

त्या दिवशी घाईत त्यानं कुलर अर्धाच भरला, पण कडी मात्र लावली. कडीचं ते खट् मी आतून ऐकलं. हे लक्षात ठेवा. मी ऐकलं होतं.

त्याआधीच्या तीन रात्री मी सलग जागी होते. का, ते सांगता येत नाही; तसं काही कारण लागत नाही. दोन वाजता मामाजी उठले. मी नेहमीचं सांगितलं — गाडी लेट आहे मामाजी, डेपोतून फोन आला होता. ते पुन्हा खाटेवर आडवे झाले. सव्वादोनला कुलरचा आवाज बदलला. पाणी संपलं की पंप कोरडा घरघरतो, वाऱ्याला चटका येतो. मी स्टूल ओढलं, वरची कडी काढली, स्टूल मोरीपाशी सरकवलं, बाहेर जाऊन पाणी भरलं. नळाचं पाणीही चटके देत होतं. आत आले आणि —

स्टूल चार पावलांवर होतं. ते ओढून आणायचं, चढायचं, कडी लावायची. मी दार नुसतं लोटलं. म्हटलं, मी इथेच तर आहे. आणि मी कुठे झोपते?

कुलरसमोर चटई टाकली आणि पडले, फक्त पाठ टेकायला म्हणून. ताट्यांवर नवं पाणी पडलं होतं, वाळ्याचा वास येत होता, पंपाचा आवाज पुन्हा भरला होता. गांधीग्रामसुद्धा आलं नाही. अशी झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती, आणि त्यानंतरही कधी नाही. सांगायला लाज वाटते, पण ती झोप मला आजही आठवते. ती गोड होती.

जाग आली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. खाट रिकामी. मागचं दार हातभर उघडं, आणि उन्हाचा एक पांढरा पट्टा फरशीवरून माझ्या पायापर्यंत आलेला.

इथपर्यंतचं मी त्याच दिवशी सांगितलं असतं तर काय झालं असतं? नवरा चिडला असता. दोन दिवस बोलला नसता. लोक म्हणाले असते, माणूस आहे, लागला डोळा. एवढंच. मी स्वतःलाच हे शेकडो वेळा विचारलं आहे. म्हणून तर कबुली झोपेची नाहीच. झोपेची असती तर मी कधीच दिली असती.

कबुली पुढच्या सोळा मिनिटांची आहे.

मी बाहेर धावले नाही. आधी घरात बघितलं — दोन खोल्या, मोरी, त्याला किती वेळ लागतो? मग आरशात तोंड दिसलं. उजव्या गालावर चटईची वीण उमटली होती, आडव्या-उभ्या रेघा, अगदी स्पष्ट. कुणीही बघितलं असतं तर कळलं असतं. मी तोंड धुतलं. ओल्या टॉवेलनं गाल चोळला. रेघा जाईनात, मग पुन्हा चोळला. केस विंचरले. हो, विंचरले. सासरा उन्हात गेलेला आहे हे ठाऊक असताना मी भांग नीट केला.

मग मागच्या दारानं बाहेर पडले, भिंतीच्या कडेनं घराला वळसा घालून समोर आले, आणि गजूनं लावलेली कडी काढली. चटका बसेल इतकी तापली होती ती. दार लोटलं, आत आले, स्टूल ओढलं, चढले, मागच्या दाराची वरची कडी लावली. स्टूल जागेवर ठेवलं. चटई गुंडाळून कपाटामागे टाकली. मग फोन घेतला.

डोक्यात काय चाललं होतं तेव्हा? खरं सांगते, मोठा विचार एकही नव्हता. ‘वॉचमन झोपला’ एवढेच दोन शब्द होते, नवऱ्याच्या आवाजात. एवढ्यासाठी. दोन शब्दांच्या थट्टेसाठी.

फोनमध्ये वेळ राहते ना, मी नंतर बघितली. तीन सव्वीस. मी म्हणाले, “गजू, समोरचं दार उघडं आहे रे. मामाजी नाहीत घरात.” बघा, यात एकही शब्द खोटा नव्हता. तो म्हणाला, “वैनी, मी कडी लावली नाही का?”

मी म्हणाले, मला काय माहीत रे, मी मागे कुलरमध्ये पाणी भरत होते.

झालं. त्यानंतर मला काही करावंच लागलं नाही.

मामाजी सापडले साडेचारच्या सुमाराला, अकोट रोडला, एका पुलाच्या कठड्याशी बसलेले. पायात चप्पल नव्हती. एका ऑटोवाल्या चाचांनी त्यांना उचललं, डोक्यावर पाणी ओतलं, सरळ दवाखान्यात आणलं आणि आम्ही येईपर्यंत थांबून राहिले. भला माणूस. संध्याकाळी वॉर्डाबाहेर ते माझ्या नवऱ्याला सांगत होते आणि मी शेजारी उभी होते. “सवा तीन के आसपास ये तुमारे कोने पे खड़े थे, नीम के नीचे. मैं सवारी लेके जा रहा था. सोचा किसी का रस्ता देख रहे होंगे. वापस आया तो दिखे नहीं.”

कोपऱ्यावरचं ते कडुलिंबाचं झाड आमच्या फाटकातून दिसतं. सव्वातीनला मी कुठे होते? समोरच्या दारापाशी. मान वळवली असती तर ते दिसले असते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, त्यांना कान चांगले होते. मी कडीकडे बघत होते.

ऊन लागलं होतं, ते उतरलंच नाही. आठ दिवस ते दवाखान्यात होते आणि नवव्या दिवशी गेले. मध्ये एकदा शुद्धीवर आले तेव्हा मी होते जवळ. माझ्याकडे बघून म्हणाले, “सरका पुढं.” 

आता गजूचं.

दवाखान्याच्या जिन्यात माझा नवरा त्याला म्हणाला, “एक कडी लावता नाही आली तुले?” गजू आधी म्हणाला, “लावली असं वाटून राहिलं दादा.” मग खाली बघत — “नसन लावली. घाईत होतो.” मी दोन पायऱ्या वर उभी होते. खट् माझ्या कानात होतं. ते ऐकलेलं जगात मी एकटीच होते, आणि मी पदरानं डोळे पुसले. लोकांना वाटलं सासऱ्यांसाठी.

तेरवीला आलेल्या बायका माझी पाठ थोपटत होत्या. तुम्ही जाग्या होत्या म्हणून लवकर समजलं तरी, म्हणत होत्या. कुणाच्या मनात शंकासुद्धा आली नाही. का यावी? मला झोप येत नाही हे अख्ख्या गोताला ठाऊक होतं. पंचवीस वर्षं रात्री जागून मी जी पत कमावली, ती त्या एका दुपारी सगळी वापरली.

भाऊ-भाऊ दोन वर्षं बोलले नाहीत. आम्ही अमरावतीला घर केलं. कारण सांगायला नवऱ्याची नोकरी होतीच. गजूनं कुलरचं काम सोडलं. अकोल्यात कुलरचं काम सोडणं म्हणजे सीझनवर पाणी सोडणं, पण तो म्हणतो त्या वाळ्याचा वास सहन होत नाही. आता नुसतं मोटारींचं रिवाइंडिंग करतो. आणि तो झोपत नाही. बँडच्या टेम्पोत झोपणारा माणूस रात्रीतून चार-चार वेळा उठतो, दाराची कडी बघतो. लावलेली असते. पुन्हा येऊन पडतो, पुन्हा वाटतं, बघितली ती आजची की कालची? म्हणून तो आता लावलेल्या कडीचा मोबाईलवर फोटो काढतो, म्हणजे अंथरुणात पडल्यापडल्या बघता येतो. त्याच्या मुलीनं मला हसत सांगितलं — काकू, बाबांच्या फोनमध्ये आमचा फोटो एक नाही, सगळ्या कड्याच. मीही हसले. काय करणार होते?

आणि झोप येत नाही म्हणून तो फोन कुणाला करतो? मलाच. झोपेची वैद्य मी. “वैनी, जाग्याच आहा ना? मले वाटलंच.” मग मी त्याला उपाय सांगते. तेल सांगितलं, खसखस सांगितली, चहा बंद करायला सांगितलं. सगळं करतो बिचारा, पोरासारखं ऐकतो. एकदा मी त्याला मामाजींची गाडी सांगितली, गांधीग्रामपासून. दोन दिवसांनी म्हणाला, “जमून नाही राहिलं वैनी. चोहट्ट्याच्या पुढं गाडी जातच नाही. बाबा मंधात उभे दिसते, हात करून राहिले.” त्यानंतर मलाही ती गाडी मिळेनाशी झाली.

त्याच्या दुखण्यावर एकच औषध आहे, आणि ते माझ्याजवळ आहे. एक वाक्य. ‘तू कडी लावली होतीस.’ चार शब्द आहेत, मी ते मोठ्यानं म्हणून बघितले आहेत, घरात कुणी नसताना. जमतात म्हणायला. मग रोज का नाही म्हणत? आधी म्हटलं तेरवी होऊ दे. मग म्हटलं भावांचं आधी जुळू दे. मग ते जुळलं, तर म्हटलं आता कशाला मोडायचं? बघा, दर वेळी सबब किती शहाणी असते. एकदा फोनवर सुरूही केलं होतं — “गजू, त्या दिवशी ना —” तर तो म्हणाला, “नोका काढू वैनी तो विषय. साऱ्यानं मले बोल लावला, तुमी एकटीनंच नाही लावला. मी विसरत नाही ते.” मी विषय बदलला. बदलला एवढंच नाही, ते ऐकून मला बरंही वाटलं. हे मला सर्वांत वाईट वाटतं, की बरं वाटलं.

या मे महिन्यात तो एका लग्नाला अमरावतीला आला होता, आमच्याकडे उतरला. आता भावांचं बरं आहे, हसतात-बोलतात. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारलं, गाद्या टाकल्या, सुरई भरून ठेवली, तिघंही गच्चीवरच झोपलो. म्हणजे नवरा झोपला.

मी डोळे उघडे ठेवून पडले होते. गजू उठला. जिना उतरून खाली गेला. खालच्या दाराची कडी वाजली — त्यानं हलवून बघितली असणार. मोबाईलच्या फ्लॅशचा उजेड जिन्याच्या भिंतीवर आला. वर येऊन पडला. अर्ध्या तासानं पुन्हा. मी मनात म्हणत होते, आता बोल. आता उठून बस आणि बोल, नवरा झोपलाय, हा जागा आहे, तू जागी आहेस, याहून चांगली वेळ ती कोणती? तिसऱ्यांदा तो उठला तेव्हा मी कोपरावर रेटा देऊन अर्धी उठलेही होते. मग तो जिन्याच्या तोंडाशी वळला आणि मी पुन्हा आडवी झाले. डोळे मिटले. श्वास लांब केला.

खालून परत येताना त्याच्या चपला वाजल्या नाहीत; माझी झोप मोडू नये म्हणून त्यानं त्या हातात धरल्या असणार. माझ्या गादीपाशी तो थोडा थांबला. मी डोळे उघडले नाहीत. मग त्याची पावलं पलीकडे गेली.

सकाळी मी चहा देत होते तेव्हा तो माझ्याकडे बघत होता. डोळे लाल, पण चेहरा असा खुललेला की मी कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. “वैनी,” म्हणाला, “काल तुमाले झोप लागली बाप्पा. मी तीनदा उठलो, तुमी हालल्याही नाही. मले भल्लं बरं वाटलं.”

मी म्हणाले, हो रे, लागली खरी.

“काय केलं? मलेही सांगा ना.”

मी कपात चहा ओतत होते. “जायफळ,” मी म्हणाले. “दूध थोडं जास्त आटवायचं.”

त्यानं खिशातून फोन काढला आणि ते लिहून घेतलं.